दुसरी फेरी

२ एप्रिल

चोर! सरळ चोर! दुसरा शब्द नाही.

आज बिबट्याच्या सुकलेल्या विष्ठेतले केस वेगळे करत होते — त्याने काय खाल्लं ते बघायला. डिसेंबरच्या पहिल्या फेरीतल्या एका तुकड्यात निळा धागा दिसला. शेळीच्या गळ्यातल्या दोरीचा असावा. मार्चच्या दुसऱ्या फेरीची पिशवी उघडली, तर तिथेही निळा धागा! दोन्ही तुकडे शेजारी ठेवले. मोडलेली भाकरी जुळावी तसे जुळले.

मग बाकीच्या पिशव्या उघडल्या. एकामागून एक जुळत गेल्या.

म्हणजे मार्चमध्ये सर्वेक्षणाचे प्रमुख कमलेश सर डोंगरावर गेलेच नाहीत. डिसेंबरचाच माल मोडून दोन फेऱ्या केल्या. मला तेव्हा कावीळ झाली होती. "तू आराम कर, फेरीचं आम्ही बघतो," म्हणाले. आणि मी आभार मानले! हात जोडून!

३ एप्रिल

कदाचित माझंच चुकत असेल. कुणावर असा आळ घ्यायचा म्हणजे काय! पुन्हा जाऊन जुळवून पाहिलं.

चुकत नाही.

४ एप्रिल

सरांना विचारलं. दार लावून, हळू आवाजात — जणू चोरी मीच केली!

"अगं, बिबट्या तोच, शी तीच. तीन महिन्यांत डीएनए बदलतो काय?" हसले. शेजारी बसलेला सुजीतही हसला. त्याला तर पगारच हसण्याचा मिळतो.

"चार आले ना? चार हा छान आकडा आहे."

छान! खाणवाल्यांना डोंगरातून खडीचा रस्ता काढायचाय. त्यांनीच हे सर्वेक्षण आमच्या संस्थेला दिलंय. चार बिबट्यांसाठी रस्ता कोण अडवणार? त्यांना छानच!

म्हटलं, दुसरी फेरी मी करते.

"कर की. तुझ्या सुट्टीत कर. अहवाल मेअखेर जाणार. तोवर वेगळा आकडा आणलास तर तोच घालू, बस?" मी दारापर्यंत पोचले तर मागून, "आणि ते नमुने माझ्या डब्याशेजारी ठेवू नकोस!"

उत्तर सुचलं ते बोईसर स्टेशनवर पोचल्यावर. नेहमीसारखं.

६ एप्रिल, केळवे

शाळेत जायच्या आधी मला अक्षरं आणि आकडे आत्याने शिकवले, इथेच, वाडीतल्या सुपारीच्या ढिगाशेजारी. आज तिने तोंड बघूनच विचारलं, "कोणाशी भांडून आलीस?"

ढीगच समोर होता. म्हटलं, "यातल्या थोड्या सुपाऱ्यांना चुन्याची खूण कर. परत ढिगात टाक, नीट ढवळ. मग मूठ भर. मुठीत खुणेच्या थोड्याच आल्या तर ढीग मोठा. पुष्कळ आल्या तर ढीग लहान. बिबट्याला चुना लावता येत नाही. विष्ठेतला डीएनए हीच त्याची खूण."

"शी मोजायचा पगार! मजा आहे बाबा!" — धीरज. भाऊ आहे म्हणून वाचला.

"तू गप रे. मग, त्या मेल्याने केलं काय?"

"न ढवळता तीच मूठ पुन्हा दाखवली. सगळ्याच खुणेच्या! ढीग लहान दिसणारच."

आत्याने हातातली सुपारी सोलून बाजूला टाकली. "पाठव त्याला माझ्याकडे. उठाबशा काढायला लावते."

किती दिवसांनी हसले. पण राग जात नाही. बिबटे नक्की जास्त आहेत. आठ, नऊ, कदाचित दहा!

१२ एप्रिल

सुलूबरोबर डोंगर. ती इथल्याच पाड्यावरची. डिसेंबरच्या फेरीतही तीच बरोबर होती. मार्चमध्ये तिला कोणी बोलावलंच नाही.

वाटा अगदी स्वच्छ! भातरोपांच्या जागी राब भाजायला, म्हणजे पेरणीआधी जमीन जाळून घ्यायला, पाड्यावरच्यांनी सगळा पालापाचोळा झाडून नेलाय. जुनी विष्ठाही त्यातच गेली. म्हणजे आता जे सापडेल ते ताजंच. आत्याच्या भाषेत — ढीग आपोआप ढवळला गेला.

रस्त्याच्या आखणीचे खांब सुलूच्या वरच्या शेतातून गेलेत. ती त्यांच्याकडे बघतही नाही.

"जास्त निंगाले म्हंजे रस्ता नाय ना होयाचा, ताय?"

"अडेल. बहुतेक." खोटी आशा दाखवायची नव्हती. तरी दाखवलीच की काय?

वाकून एक ताजा नमुना उचलत होते तर म्हणाली, "देवाला पन येवडं वाकत नसशील तू!"

२० एप्रिल

तेवीस नमुने! सगळ्या वाटांवर मिळाले. वरच्या कड्यावर, ओढ्यात, पाड्यामागे, पार सरावलीच्या बाजूला कारखान्यांच्या भिंतीपर्यंत. इतक्या जागी म्हणजे किती असतील! खोटे पडणार आहेत सर. सगळ्यांसमोर!

२५ एप्रिल

नमुने उत्कर्षाकडे दिले. कॉलेजपासूनची मैत्रीण, आता प्रयोगशाळेत आहे. प्रत्येक नमुना तीनदा तपास म्हटलं. "तू म्हणजे ना!" म्हणाली, पण करणार.

ऑफिसात सर — "काय वाघीणबाई, वाढले का बिबटे?"

कप फेकून मारावासा वाटला. धुऊन जागेवर ठेवला.

९ मे

निकाल नाही. सरांनी अहवालात "चार" टाइप करून टाकलंसुद्धा! विचारलं तर म्हणे, "बदलता येतं गं."

१७ मे

उत्कर्षाचा फोन. तीनतीनदा तपासलंय. तेवीसच्या तेवीस नमुने एकाच मादीचे. डिसेंबरमधल्या चौघांपैकी एक. बाकीचे तिघे एकदाही नाहीत. नवीन कोणी नाही.

सापडले नाहीत म्हणजे नाहीतच, असं म्हणता येत नाही. हे मला कळतं. पण तेवीस! मार्चची फेरी खरी झाली असती तर तेव्हाच काही कळलं असतं.

जे मिळालं तेच लिहून देणार. माझ्या सहीने.

संध्याकाळी सुलूचा फोन — "किती निंगाले, ताय?" सांगितलं. मग म्हणाली,

"मंग ती कोनाला हुडकत फिरते सगलीकडं?"