तुमच्या शाळेतला डोंगर

अहो,

मी महाडला अभ्यासकेंद्रावर चाललेय. आमटी झालीय, भात तेवढा लावा. सईला दुपारी क्लासला सोडा.

काल केंद्रातल्या सरांचा फोन होता. मुख्याध्यापकाच्या कोर्सचे आपल्या दोघांचे स्वाध्याय सारखेच निघाले. आपापल्या शाळेतली एक अडचण लिहायची होती. माझ्या वरच्या वाडीतल्या शाळेची टाकी उन्हाळ्यात आटते, ते मी लिहिलं. तुम्ही शाळेचं नाव तेवढं बदललंत आणि मुलं डोंगर उतरून पाणी आणतात हे तसंच ठेवलंत. पोलादपूरच्या बाजारातल्या तुमच्या शाळेत कुठला डोंगर उतरतात हो मुलं? उतरवताना निदान वाचायचं तरी.

वर सरांना सांगितलंत की मीच तुमचं बघून लिहिलं. म्हणून आज रविवारी खुलासा द्यायला मी एस.टी. पकडतेय आणि तुम्ही अजून झोपलाय.

टेबलावर कोरे कागद ठेवलेत. तुमचा स्वाध्याय आज तुम्हीच लिहा. शाळेतली अडचण सुचली नाही तर घरातली लिहा. तिच्यासाठी माझं बघावं लागणार नाही.

सरोज