पंपाची खोली

सर, परवा तुमच्या मुलीचा फोन आला होता. शाळेतल्या चित्रकलेच्या वर्गाला तुमचं नाव देणार आहेत, शनिवारी कार्यक्रम आहे आणि मी दौंडहून यायचंच, असं तिनं बजावलं. "ताई, बाकी काय बोलायचं ते बोला, पण वॉशचा किस्सा सांगितल्याबिगर खाली बसायचं न्हाई. पप्पा सांगायचे तवा किती हसायचे!" मी हो म्हणाले. तोंडातून हो निघून गेलं आणि तेव्हापासून अडकल्यासारखं झालंय. पस्तीस वर्षं मी तो किस्सा सांगत आलेय, प्रत्येक वेळी लोक हसलेत. पण तुमच्या नावाच्या पाटीखाली उभं राहून तो कसा सांगू? तो खरा नाही सर. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. दुसऱ्या कुणाला सांगायची हिंमत नाही, म्हणून तुम्हालाच लिहायला बसलेय.

किस्सा तुम्हाला पाठ आहे, तरी एकदा आपल्या दोघांपुरता उगाळू द्या. मी नववीत. रविवारी चर्चमधली उपासना आटोपून तुम्ही घरी यायचात, तोवर मी न्हावऱ्याहून एसटीनं शिरूरला पोचलेली असायचे. बोर्ड तुमच्या स्वयंपाकघरात, खिडकीखाली, कारण घरातला चांगला उजेड तेवढाच. ओट्यापाशी काकू चपात्या लाटतायत, जमिनीवर मी ब्रश घेऊन बसलेय, आणि तुम्ही मध्ये चहाचा कप घेऊन. एकदा बोलता बोलता तुम्ही माझा ब्रश स्वतःच्या चहात बुडवलात आणि वर काकूंनाच म्हणालात, "चहाला रंग न्हाई आज." काकू म्हणाल्या, "आता आला बघा." तुम्ही तो चहा तसाच प्यायलात. कशातलं काही वाया घालवणं तुम्हाला जमायचंच नाही.

म्हणून त्या कागदाचं मला जास्त लागतं. तो जाड, हाताला खरबरीत लागणारा कागद तुम्ही ट्रंकेत कापडात गुंडाळून ठेवला होता. एकच होता. स्वतःच्या एखाद्या चित्रासाठी ठेवलेला, हे काकूंनी मला नंतर सांगितलं. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी तुम्ही तो काढलात, चिकटपट्टीनं बोर्डाला लावून दिलात आणि म्हणालात, "माझ्या हातनं ऱ्हाऊन गेलं. तू कर."

चित्र वडगाव रासाईच्या नदीचं. माझ्या आत्याचं गाव ते, तिथं काठावर बसून केलेलं पेन्सिलचं रेखाटन होतं. दगडी पायऱ्या, वेड्या बाभळी, पत्र्याची पंपाची खोली. सात रविवार मी ते रंगवत होते. तुमचं म्हणणं सरळ होतं: जे आहे ते काढायचं. मी बाभळीला हिरवा ओला डाग टाकला की तुमचं बोट त्यावर. "ही काय शेवाळ हाय व्हय? पानं हायती. मोज." पंपाच्या खोलीच्या पत्र्याला किती पन्हाळी, दाराची कडी डावीकडं का उजवीकडं, हे तुम्ही विचारायचात. मला मात्र ती नदी सकाळची आठवायची, पाण्यावरून वाफ उठते आणि पलीकडचा काठ अर्धा पुसला जातो तेव्हाची. एकदा वहीच्या पानावर तसं केलंही होतं. तुम्ही बराच वेळ पाहिलंत आणि खरंच वाईट वाटल्यासारखं म्हणालात, "नदीनं काय वाकडं केलंय तुझं? झाकतीस कशाला तिला?"

झाकत नव्हते सर. मला दिसलीच तेवढी होती. पण तुमच्यापुढं हे म्हणायचं कसं? मला परतीच्या एसटीत बसवून द्यायला येणारे तुम्ही, ब्रश तुमचे, कागद तुमचा, जेवण काकूंचं. नाही म्हणायला मला जागाच नव्हती. सातव्या रविवारी बाभळीचं शेवटचं पान रंगवून संपलं तेव्हा चित्र बघून मला घुसमटायला झालं. सगळं जागच्या जागी होतं आणि त्यात मी कुठंच नव्हते.

तुम्ही मात्र खूश होतात. "झ्याक! आता सगळ्यावर पिवळ्याचा एक वॉश दे, म्हंजी चित्र बांधलं जाईल," म्हणालात आणि दारात कुणी तरी हाक मारली म्हणून बाहेर गेलात. मी बोर्ड उचलला, मोरीत नेला आणि नळ सोडला. काकू ओरडल्या, "अगं ए, काय करतीस?" मी म्हणाले, "सरांनीच सांगितलं, वॉश दे म्हणून."

तुम्ही धावत आलात तेव्हा पायऱ्या वाहून गेल्या होत्या. पानं गेली, पत्रा गेला. कागदावर फिकट करड्या-निळ्या खुणा राहिल्या होत्या, मधे पेन्सिलच्या पुसट रेघा. मला वाटलं आता कानाखाली बसणार. तुम्ही नळ बंद केलात, बोर्ड भिंतीला टेकवून उभा केलात, आणि टॉवेल मला दिलात, हात पुसायला. दुसरा कागद नव्हता, मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. तुम्ही ते धुतलेलं चित्रच पाठवलंत. त्याला उत्तेजनार्थ बक्षीस आलं, 'धूसरतेची जाण' असं कौतुक आलं. तुम्ही म्हणालात, "परीक्षकाचा चष्मा बघाय पायजे कुणीतरी."

लोक हसतात ते इथपर्यंत. खेड्यातली पोरगी, वॉश म्हणजे धुणं समजली बिचारी. पण चित्र धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, वर्गात काय झालं ते मी कधीच कुणाला सांगत नाही. तुम्ही सगळ्या पोरांपुढं म्हणालात, "चूक माझी हाय. पोरींना इंग्रजी शब्द सांगायचा आन् अर्थ न्हाई सांगायचा, असं मास्तरानं करू नये." त्यानंतर तुम्ही तो शब्द टाकलात. निवृत्त होईपर्यंत प्रत्येक वर्गाला 'पातळ हात द्या' म्हणालात. माझ्यानंतरच्या पोरांना वॉश हा शब्द ठाऊकच नसायचा. मला ते एकेक जण भेटतात, पातळ हात म्हणतात आणि माझी मान खाली जाते.

कारण मला अर्थ माहीत होता. सहामाहीच्या पेपरात मी लिहिलं होतं, वॉश म्हणजे पातळ केलेल्या रंगाचा सपाट हात. तुम्हीच त्यावर लाल पेनानं बरोबरची खूण केली होती. तुम्ही ते विसरलात. नाही तर आठवत असून माझी अब्रू राखलीत. मला अजून कळत नाही, आणि ते न कळणं फार त्रासाचं आहे.

त्या दिवसापासून मी धुक्याच्या नद्याच काढतेय. ते बक्षीस, मग त्या वळणाची आणखी चित्रं, मग 'ताईंची नदी' असं नावच पडलं. खोटं नाही बोलत, सुरुवातीला फार सुख होतं त्यात. आता कुरकुंभच्या एका कंपनीनं गेस्टहाउससाठी बारा चित्रं सांगितलीत. तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, टेन्शन न्हाई घ्यायचं, बाराही सेम पाहिजेत." पाच झाली. सहाव्यापुढं चार दिवस नुसती बसतेय. खिडकीबाहेर शेजाऱ्यांचा शेवगा आहे, त्याची पानं मोजत बसते. काल एक फांदी काढली, प्रत्येक पानासकट, तुम्ही सांगितलं असतं तशी. बरी आली. मग फाडून टाकली, कारण घरी आलेलं कुणीही म्हणालं असतं, ताई, हे तुमचं नाही वाटत. तेव्हा तुमच्या पानांतून नळाखाली पळाले, पण आता इथून पळायला मोरी कुठं आहे?

एकदा तुम्ही माझं प्रदर्शन बघायला दौंडला आला होता. शिरूरहून एसटीनं, एकटे, सत्तरी ओलांडलेली. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन. एकेका चित्राच्या इतके जवळ गेलात की मला वाटलं कागदाचा वास घेताय. मग मागं सरून म्हणालात, "लांबनं बरं दिसतंय." मी हसले. वडगावच्या नदीचं मी नव्यानं केलेलं एक चित्र होतं, त्याच्यापाशी मात्र तुम्ही थांबलात ते थांबलातच.

"इथं पंपाची खोली होती न्हवं?"

"आहे की सर. त्या करड्यात आहे. नीट बघा."

तुम्ही चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "मला न्हाई दिसत. पण तू म्हंतीस तर हाय." आणि जाताना स्वतःशीच बोलल्यासारखं, "डोळं दाखवाय पायजेत एकदा."

ते चित्र मी तुम्हाला भेट दिलं. फार थोर वाटलं होतं तेव्हा मला स्वतःचं. मोरीतलं सगळं त्या दिवशी सांगता आलं असतं. बसस्टँडवर आपण अर्धा तास बसलो होतो, तुम्ही शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवत होतात. मी नाही सांगितलं.

परवा तुमची मुलगी फोन ठेवता ठेवता म्हणाली, "अन् ते तुमचं चित्र आता वर्गातच लावतोय. पप्पांनी त्याच्यापायी दोनदा चष्म्याचा नंबर बदलला, माहितीये? शेवटी शेवटी खाटेवरून उठता येत न्हवतं, तरी समोर लावून घेतलं होतं. येईल त्याला म्हणायचे, त्यात पंपाची खोली हाय, बघणाऱ्याला दिसती."

शनिवारी मी जाईन सर. किस्साही सांगेन बहुतेक. माझी मला खात्री आहे, शंभर माणसांपुढं माझी जीभ नेहमीच्या वळणानंच जाईल आणि सगळे हसतील. हा कागद घडी घालून रंगांच्या पेटीत राहील. पण भिंतीवर ते चित्र असेल आणि पोरं त्यात खोली शोधत उभी राहतील, म्हणून इथं तरी लिहिते. त्यात खोली नाही सर. मी ती काढलीच नव्हती. तुमचे डोळे चांगले होते.