वन्स, तुम्ही सोडलेली पट्टी

औरंगाबाद, दवाखान्याच्या जिन्यात बसून
मंगळवार, १३ जुलै १९९९

तीर्थरूप वच्छलावन्संना आवडाचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे, म्हशीचं पोट, सगळं बरं असंल असं धरून चालते. जास्त विचारपूस करायला मला टाइम नाय. माझा भाऊ सांडू दुपारच्या गाडीनं लासूरला येतोय, त्याच्या हाती ही चिठ्ठी देते.

तुमचा भाऊ जिता आहे. मण्यार चावल्याला आज सहावा दिवस. दम घेता येईना म्हणून तोंडातून नळी घालून मशीनवर ठेवलं होतं, ते तुम्ही काल बघून गेलात. (बघायला आला होतात का कामाला लागायला, ते तुम्हालाच ठाऊक.) त्या नळीला आत फुगा असतो, तो फुगवला की नळी नरड्यात घट्ट बसते. शुद्धीवर येताना माणूस ती उपटायला बघतो, म्हणून दोन्ही हात पट्टीनं पलंगाला बांधलेले. अनवरी सिस्टरनं दारातच बजावलं, "मावशी, पट्टी को हात नक्को लगाव." तुम्ही मान डोलावली, आत गेलात, आणि खुलताबादेहून आणलेला गंडा मनगटात बसंना म्हणून पट्टी सोडली! दंडाला बांधला असता तर काय बिघडलं असतं?

तुम्ही गाडी धरायला पळालात, अन् थोड्या वेळात यांनी नळी खेचली. फुगलेल्या फुग्यासकट. लई रक्त आलं. दम चालू राहिला, पण मोंढ्यात लिलाव पुकारायला लागला की या टोकाचं त्या टोकाला ऐकू जायचं, त्या माणसाच्या तोंडून आता नुसती हवा येते. श्वास घेताना शिट्टी वाजते. डॉक्टर म्हणतात, आवाजाच्या पडद्यांना जखम झाली, सूज आहे. उद्या सकाळी दुर्बीण घालून बघणार, अन् सूज वाढली तर गळ्याला भोक पाडून तिथनं नळी. कागदावर सही केली मी.

कुणी केलं म्हणून जो विचारतो त्याला मी तुमचं नाव सांगते. बद्रीनाथभावजींना सांगितलं, चहावाल्यालासुद्धा सांगितलं.

आवडा

ता.क. गंडा डाव्या हातात आहे. नळी यांनी उजव्यानं खेचली. उजवी पट्टी तुम्ही गेल्यावर मी सोडली होती. डोळ्यांतनं पाणी येत होतं अन् यांना पुसता येईना, मला बघवलं नाय. हे फक्त तुम्हाला लिहिलंय.

आणखी एक. सांडूबरोबर उलट्या पावली निघा. उद्या मला एकटीला उभं राहवणार नाय. शिव्या द्यायच्या तर जिन्यात द्या. यांच्यासमोर नको, हे मधे बोलायला जातील, अन् डॉक्टरनं एक शब्द काढू नका म्हणलंय.