नैवेद्याची बाटली

लोहा, मंगळवार, संध्याकाळ

आज अण्णांचा तिसरा दिवस. राखेपाशी भात ठेवला, त्यांच्या आवडीची वांग्याची भाजी ठेवली, पण कावळा काही शिवेना. शेवटी आईच हळुवारपणे म्हणाली, "त्यांची बाटली आणा."

आई म्हणाली! शिवरात्रीला काकांनी भांग घेतली की तो प्रसाद. त्यांना देव दिसायचा अन् ही त्यांच्या पाया पडायची. अण्णांची बाटली मात्र जहर. मग आज तिचा नैवेद्य कसा झाला? जिवंतपणी त्यांच्याशी इतक्या मायेनं कोण बोललं? मीही नाही.

भावानं बाटली आणली. आई कितीतरी वेळ झाकणाशी झटत राहिली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "हे कसं उघडतेत गं? म्या तर नुसत्या फोडल्याच."