खोडलेली दोन रीडिंग

मी, धम्मपाल गोविंद हाटे, वय वर्षे चौसष्ट, आयुष्यभराचा धंदा धातूची हार्डनेस तपासणी, राहणार महाड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. कुणी माझ्या उरावर बसून लिहून घेतलेलं नाही. तशी कुणाची छातीही नाही. डॉक्टरांनी लेखी दाखला दिला आहे की माझं डोकं ठिकाणावर आहे. फुप्फुसं नाहीत. ज्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं, त्या दिवसाचं कलम पुढे येईल.

कलम १. बँकेतली ठेव आणि माझी दिवंगत पत्नी सोनाबाई हिचे दागिने माझी एकुलती मुलगी मानसी हिला मिळावेत. मानसी, तू शिक्षिका आहेस. पुढचं वाचून शाळेत मान खाली घालू नकोस. केलं ते मी केलं.

कलम २. माझा ग्राइंडर शेजारच्या वरदनं २०२१च्या पुरानंतर उसना नेला, तो आजतागायत आणला नाही. तो आता त्यालाच राहू द्यावा. मात्र माझ्या मयताला खांदा द्यायला पुढे आला तर त्याला हाकलून द्यावं.

कलम ३. माझा हातातला हार्डनेस टेस्टर. जाड पेनाएवढी नळी धातूवर टेकवायची, बटण दाबायचं. आतला बारीक गोळा धातूवर आपटून उसळतो. जितका जोरात उसळेल तितका धातू कडक, आणि आकडा नळीला जोडलेल्या डब्यावर दिसतो. वीस वर्षं याच्या जिवावर जेवलो. हा कुणाला विकू नये, दान देऊ नये. मानसीनं तो अंगणात ठेवून घणानं फोडावा. सोबतचा टेस्ट ब्लॉक, म्हणजे मशीन बरोबर चालतं की नाही ते पाहायचा तीन किलोचा गोल पोलादी ठोकळा, फुटायचा नाही. त्याचं काय करायचं ते पुढे लिहितो.

कलम ४. माझं राहतं घर, जे स्वकष्टार्जित आहे, ते पांडुरंग कळंबे, राहणार उमरठ, तालुका पोलादपूर, यांना द्यावं. मानसी, थांब, चिडू नकोस, आधी वाच.

२०११ साली औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात रिअॅक्टरच्या, म्हणजे रसायनं शिजवायच्या बंद टाकीच्या, बुडाचा नळ नव्यानं जोडला. वेल्डिंग पांडूचं होतं. असं वेल्डिंग नंतर तापवून सावकाश थंड करावं लागतं. नाहीतर ते कडक होतं आणि दाबाखाली तडकतं. पांडूनं मला आपणहून सांगितलं, "भाऊ, लाईट गेली होती, मनासारखं तापलं नाय हाय. तुम्ही बघा. जास्त आलं तर मी परत तापवतो."

म्हणजे सगळं माझ्या आकड्यावर होतं. आकडा सव्वादोनशेच्या आत हवा होता. मी रिअॅक्टरखाली उताणा पडलो होतो. जागा अडचणीची, जोड घासून गुळगुळीत करायचा ग्राइंडर पुरता फिरत नव्हता, वरून सुपरवायझर "उरका, उरका" करत होता. पाच रीडिंग घेतली. दोनशे सहा, दोनशे सत्त्याऐंशी, एकशे अठ्ठ्याण्णव, दोनशे अकरा, दोनशे ब्याण्णव. मी म्हटलं, ही दोन मोठी चुकून उडालेली आहेत. ती खोडली, उरलेल्या तिघांची सरासरी लिहिली आणि पास म्हणून सही ठोकली.

आमच्या धंद्यात उडालेलं रीडिंग खोडतात, त्यात चोरी नाही. पण खडबडीत जागेवर गोळा नीट उसळत नाही, आकडा खोटा कमी येतो, हे मला शेंबड्या पोराइतकंही आठवू नये? ग्राइंडर फक्त दोनच ठिकाणी नीट लागला होता. मी खोडली ती तीच दोन. तीच खरी होती.

नवव्या दिवशी सकाळपाळीत जोड फाटला. नळाचा तुकडा उडून माझा धाकटा भाऊ चंदू, तिथला ऑपरेटर, याच्या तोंडावर बसला. त्याची ओळख मी पायातल्या काळ्या दोऱ्यावरून पटवली. तोंड उरलंच नव्हतं. आतल्या उकळत्या रसायनानं अंगावरचं कातडं शर्टासकट निघून आलं होतं.

दवाखान्याच्या आवारात पांडू रडत आला. मी त्याला लाथेनं पाडलं. छातीवर गुडघा दिला, उजवा हात पायरीवर दाबला, कामाच्या पिशवीतून टेस्ट ब्लॉक काढला आणि बोटांवर घातला. पाच वेळा. पाचची सवय होती. तिसऱ्यालाच बोटं बोटं राहिली नव्हती, तरी पाच पुरे केले. माणसं उभी होती, एकानं माझा हात धरला नाही. पोलिसाला पांडू म्हणाला, "प्लेट पडली हातावर."

त्या हातानं पुन्हा कधी वेल्डिंग झालं नाही. चंदूची बायको मंजुळा तो रस्त्यात दिसला की त्याच्या अंगावर थुंकते. आणि तो ते पुसून जातो, कारण चंदूला आपणच मारलं असं त्यालाही वाटतं.

वर्षभरानं तो फाटलेला जोड भंगारात सापडला. घरी आणून आरशासारखा घासला आणि मशीन लावलं. एकही रीडिंग पावणेतीनशेच्या खाली आलं नाही. मग तेरा वर्षं गप्प बसलो. तीनदा उमरठला गेलो. तिन्ही वेळा त्यानं डाव्या हातानं चहा दिला, मी पिऊन परत आलो. असला हरामखोर मी.

कलम ५. माझ्यामागे हे कागद पांडूच्या ओटीवर, मंजुळेला शेजारी बसवून, मोठ्यानं वाचावेत. टेस्ट ब्लॉक पांडूच्या हाती द्यावा. माझ्या प्रेताचं तो काय करील ते करू द्यावं.

दिनांक १२ नोव्हेंबर २०२५

पुरवणी. साक्षीसाठी निवृत्त मुख्याध्यापिका राजश्री बाईंकडे गेलो. त्यांनी वाचून पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मेल्यावर कोण मार खाणार, हाटे? जिवंतपणी जा. तोवर माझी सही मिळायची नाही." मी बाईंना वाट्टेल ते बोललो. मग पोलादपूरची गाडी पकडली.

ओटीवर बसून पांडूला सगळं वाचून दाखवलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "चौदा वर्सं मी चंदूच्या पोरांना तोंड दाखवलं नाय." आणि उठून डाव्या हाताची अशी एक मारली की मी ओटीवरून खाली आलो. दोन दात पडले. याबद्दल कुणीही तक्रार करू नये.

मी उठून ब्लॉक त्याच्यापुढे ठेवला, उजवा हात पायरीवर ठेवला आणि म्हटलं, "अजून चार बाकी आहेत."

त्यानं ब्लॉक उचलला. मी डोळे मिटले. ब्लॉक अंगणात पडल्याचा आवाज आला.

"बास झालं तुझं मोजणं," पांडू म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं मला अरेतुरे केलं. "घर नको मला. ऊठ. मंजुळेकडं चल, आत्ताच्या आत्ता. तिथं मी नाय बोलायचा, तू बोलायचं."

सबब कलम ४ रद्द. घर मंजुळेला द्यावं, तिनं घेतलं तर. तिनं अजून दार उघडलेलं नाही. आम्ही दोघं महाडला येऊन तिच्या पायरीवर बसून हे लिहीत आहोत.

लिहून देणार : धम्मपाल गोविंद हाटे
साक्षीदार १ : राजश्री दळवी (सही घरी जाऊन घेणे)
साक्षीदार २ : पांडुरंग कळंबे (डाव्या हाताची सही)
स्थळ : महाड. दिनांक १५ नोव्हेंबर २०२५