पांढरी राख

बा, सगळ्यात आधी कोण आलं सांगू? बाया यायच्या होत्या नऊला, आणि आठ वाजताच शेजारची म्हातारी दारात हजर. तीच, जिला तू पावरहाऊसचा भोंगा म्हणायचास. अजून तशीच आहे, वाजायला लागली की खाडीपल्याड ऐकू जातं. म्हणते, "अगं, शिकल्यासवरल्या बाया येणार, तुला धड बोलता येईल का? म्हणून आले." मी म्हटलं, या, बसा, तुमच्याशिवाय कामाची पाळी सुरू कशी व्हायची! मग आल्या त्या दोघी, सरकारी कचेरीतल्या, पांढऱ्या लुगड्यांतल्या, हातात तराजू. चुलीसाठी तराजू, बा! तू असतास तर पाट सोडून उठला नसतास. गेल्या आठवड्यात त्यांनी मातीची नवी चूल घालून दिली होती, मागं नळीचं धुराडं असलेली. निर्धूर चूल म्हणतात तिला. आज बघायचं होतं की तेवढंच पाणी उकळायला जुन्या चुलीला किती लाकूड लागतं नि नवीला किती.

मी मनात हसले. हे सगळं आपल्या घरात आधीच होऊन गेलंय. अंगणात उभा राहून तू पावरहाऊसच्या धुराड्याकडं बघायचास आणि इथूनच सांगायचास, आज भट्टीवर कोण आहे ते. "काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा आभाळात फेकला," म्हणायचास. स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या साली कोळशाच्या रेल्वेवाघिणी वेळेवर येईनात, तेव्हा नव्या साहेबानं तुम्हा भट्टीवाल्यांना शिकवलं, ढेकळं मुठीएवढी फोडायची, थर पातळ ठेवायचा, वारा बेतानं सोडायचा, म्हणजे कमी कोळशात तेवढीच वीज निघते. बाकीचे कुरकुरले. तू मात्र घरी येऊन माझ्या चुलीवर तेच सुरू केलंस. एवढी लाकडं कशाला कोंबतेस, खालून वारा जाऊ दे, म्हणून चिमट्यानं माझी लाकडं मागं ओढायचास. मी चिडायचे. बाप की सासू, म्हणायचे. तिसरीतून शाळा सुटलेली मी, पण विस्तव मात्र तुझ्याकडून शिकले. आपल्या घरात तेव्हाही रॉकेलची चिमणी होती नि आजही चिमणीच आहे, विजेच्या तारा डोक्यावरून जातात. तुला त्याचं काही वाटायचं नाही. साहेबानं सगळ्यांसमोर तुझी पाठ थोपटली त्या दिवशी तू मूठभर राख कागदात बांधून आणलीस आणि आयला दाखवलीस. पिठासारखी पांढरी. "बघ, एक कण वाया नाही." आय बघतच राहिली. म्हणाली, "आणि आम्ही काय वेचायचं?"

कारण त्या राखेतच तर आमचं सरपण होतं. पावरहाऊसमागच्या ढिगाऱ्यावर राख ओतली की आम्ही साऱ्या बाया टोपल्या घेऊन धावायचो, अर्धवट जळलेले कोळसे वेचायला. ते पेटले की धूर म्हणून नाही, नुसती ऊब. आणि नेमकी त्याच थंडीत माझी लेक बाळंतपणाला आलेली. नवरा गेल्यावर मी तुझ्याच घरात राहत होते, तेव्हा सारं इथंच. पोर आठव्या महिन्यात झाली, ओंजळीत मावेल एवढी. सुईण म्हणाली, बाजेखालची शेगडी विझू देऊ नका. शेगडीत घालू काय? खाडीचं तिवराचं लाकूड घातलं की खोलीभर धूर, पोर ठसकायची, निळी पडायची. ढिगाऱ्यावर गेले तर पांढरी राखच राख. ढीगभर बाया आणि कोळसा चार खडे. परत आले तेव्हा तू पाळीवर जायला निघाला होतास, डोक्याला फडकं बांधत होतास. मी दारातच म्हटलं, "जा, साहेबाला दाखव तुझी पांढरी राख. माझ्या लेकीच्या बाजेखाली काय ठेवू, तुझी शाबासकी?" तू फडक्याची गाठ सोडलीस, परत बांधलीस आणि गेलास.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात पोरीचे लंगोट वाळत घालतेय, दुपार आहे, आणि पावरहाऊसच्या धुराड्यातून काळा कुळकुळीत धूर निघतोय. भोंगा ओरडत आली, "अगं, तुझ्या बापाची पाळी ना?" दोन दिवस तसाच धूर. ढिगाऱ्यावर राख कमी नि कोळसेच जास्त. साऱ्या आळीनं टोपल्या भरल्या, मी तर पोत्यानं आणले. शेगडी पंधरा दिवस विझली नाही. पोरगी लाल झाली, रडायला लागली, दूध ओढायला लागली. आणि तुला साहेबानं विचारलं, भट्टीवर कोण होतं? तू म्हणालास, "मी होतो. हात चुकला." मला हे भोंग्याकडूनच कळलं. तुला भट्टीवरून काढून आवारात ढेकळं फोडायला घातलं. घरी आलास की तू अंगणात बसायचास, पण धुराड्याकडं पाठ करून. डोळे मिटेपर्यंत पाठ करूनच बसलास. मी एकदाही काही बोलले नाही, बा. पोर चांगली झाली याच आनंदात होते.

ती आता चौथीत आहे! ठाण्यात टेंभी नाक्याला असते आईबापाकडं. सणाला जाते मी, तर माझ्या हाताला धरून गर्दीतून नेते, म्हणते, "आजी, हरवशील हां." हा कागद तिच्याच वहीचा. पण ती तिकडं, आय गेली, आणि इथं दिवसभर चुलीशिवाय बोलायला कोणी नाही. म्हणून त्या बाया आल्या तर मी कालपासून अंगण सारवत होते.

तर जुनी चूल आधी पेटवली. मी तुझ्या रीतीनं लाकूड लावलं, पाणी उकळलं. उरलेली लाकडं तोलून थोरली बाई म्हणाली, "मावशी, एवढ्या कमी लाकडात? कोणी शिकवलं तुम्हाला?" मी म्हटलं, "माझ्या बापानं." धाकटी हसून म्हणाली, "नव्या चुलीवर तर याहून कमी लागेल. मग तुमच्याकडचं आमचं काम संपलंच." आणि वहीत शेवटचा रकाना आखायला लागली.

नव्या चुलीवर मी लाकूड घातलं, आणि अर्ध्यात मागच्या ढिगातलं तिवराचं ओलं लाकूड आत सारलं. धुराडं असून चुलीच्या तोंडातूनच धूर आला, डोळे चोळत दोघी मागं सरल्या. पाणी काही उकळेना. थोरलीनं वाकून नळी बघितली, "कोन चुकला की काय? मावशी, लाकूड सुकं होतं ना?" मी म्हटलं, सुकंच तर. भोंगा समोरच बसलेली. त्या ढिगाऱ्यावर माझ्या शेजारी वेचणारी ती, ओलं लाकूड तिला कळत नाही होय? तिनं लाकडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि जन्मात पहिल्यांदा गप्प बसली. जाताना एवढंच म्हणाली, "बापाचीच लेक."

हा कागद कुठं धाडायचा, मिठाच्या बरणीखालीच राहील. पण तुला सांगते, माझा हात चुकला नव्हता. तुझाही चुकला नव्हता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. त्या बाया नळी बदलायला पुन्हा येणार आहेत. गुरुवारी, म्हणाल्यात.