टेरेलचे दोन मार्क

७ सप्टेंबर २००६, गुरुवार

आठ धिप्पाड मुलं माझ्या डायनिंग टेबलाशी! खुर्च्या सहा. उरलेले दोघं कार्पेटवर मांडी घालायला गेले, ती काही जमेना.

फुटबॉलचे कोच विल्कर्सन स्वतः सोडायला आले होते. त्यांचा नियम असा – दर गुरुवारी बीजगणिताची चाचणी, वीसपैकी चौदा पडले तरच शुक्रवारी मैदानात. शाळेचा नियम याहून सैल आहे म्हणे. हा कोचचा स्वतःचा. शिकवायचं मी, पेपर मी काढायचा, मी तपासायचा, मी सही करायची, मुलांनी तो कोचना दाखवायचा. आमची लेक राधिका शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते, तिनेच शाळेत माझं नाव सांगितलं. पगार नाही – एच-फोर, म्हणजे शार्दूलची बायको म्हणून मिळालेल्या व्हिसावर, घेताही येत नाही. पण नागपुरात अकरा वर्षं गणित शिकवलं आणि इथे अमेरिकेत दोन वर्षं नुसत्या पोळ्या लाटतेय! कोचचं बोलणं संपायच्या आत हो म्हटलं.

उपास माझा, साबुदाण्याची खिचडी संपवली मुलांनी.

२२ सप्टेंबर

पहिल्यांदाच मॅचला गेले. दहा सेकंद खेळ, की लगेच सगळ्यांची सभा! मला ओ का ठो कळलं नाही. पण गाव? न्हावी दुकान बंद करून आलेला, चर्चचे पास्टर हॉटडॉग विकतायत. शेजारच्या आजोबांचं कुणीही शाळेत नाही, तरी ते घसा खरवडून ओरडत होते. एका बाईने विचारलं, यातला तुमचा कुठला? म्हटलं, आठ आहेत.

मग कळलं की हे मी गमतीत म्हटलं नव्हतं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

एकाला तेरा पडले. एक वाढवून चौदा केले. आपल्याकडे बोर्डसुद्धा ग्रेस देतं!

२६ ऑक्टोबर

आणखी दोघांना. एकेक. काय बिघडलं?

९ नोव्हेंबर, गुरुवार

टेरेलला बारा!

उद्या प्लेऑफ, म्हणजे हरलो की स्पर्धेतून बाहेर. त्याला बघायला कॉलेजचा माणूस मुद्दाम येणार आहे. पसंत पडला तर चारही वर्षांची फी माफ. आजीजवळ राहतो, घरात दुसरं कुणी नाही. आठांमधला सगळ्यात कष्टाळू. पेपर देताना ओठ हलत होते त्याचे, पाढे म्हणतात तसे.

दोन ग्रेस दिले. चौदा. सही केली. लगेच पुढचा पेपर घेतला.

११ नोव्हेंबर

काल काय झालं ते नीट लिहून काढते, म्हणजे मला तरी कळेल.

टेरेलने पेपर घरी नेऊन मार्कांची बेरीज केली. बारा. मॅचच्या आधी कपडे बदलायच्या खोलीत, सगळ्या टीमसमोर कोचना म्हणाला – "कोच, हे बाराच होतात." कोचनी त्याला बसवलं. सबंध मॅच तो बाकावर, बाकीच्यांना पाण्याच्या बाटल्या देत. कॉलेजवाला हाफटाइमला उठून गेला.

एका गुणाने जिंकलो. टेरेलची गोष्ट तोवर स्टँडभर पसरली होती; शेवटी सगळं गाव त्याच्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. मीसुद्धा उभी राहिले. हात मात्र हलेनात. कशासाठी वाजवायच्या? मुलाचं नुकसान झालं म्हणून?

राधिका गाडीत म्हणाली, "आई, व्हाय वुड यू डू दॅट?" मी म्हटलं, अगं, मदत म्हणून! "बट ही डिडन्ट आस्क."

१२ नोव्हेंबर

गावच्या पेपरात कोचचा फोटो. म्हणे, आमच्याकडे उसने मार्क चालत नाहीत, म्हणून आम्ही जिंकतो. माझ्याबद्दल फक्त "शिकवणाऱ्या बाईंची नजरचूक." फार सभ्यपणे वाचवलं मला.

शार्दूलने पेपर वाचून घडी घातली. "नजरचूक म्हणालेत ना? मग सोड ना यार. एच-फोरवर आहेस, सह्यांच्या भानगडीत पडतेस कशाला!"

पण नजरचूक नव्हती ती. आणि बाकीच्या तिघांचं काय? ते खेळले. मजेत खेळले. ऑक्टोबरपासूनचे विजय तरी खरे का? मार्क वाढवणं हे पाप, तर नागपुरात इतकी वर्षं मी काय करत होते? ती पोरं तर पुढे शिकली, नोकरीला लागली! काही कळत नाही. डोकं नुसतं भणभणतंय.

१३ नोव्हेंबर

दुकानात टेरेलची आजी भेटली. माझा हात दोन्ही हातांत धरला. "मिस देवयानी, तुम्ही माझ्या पोराला बेरीज पक्की शिकवलीत."

टोमणा नव्हता. बाई मनापासून बोलत होती. मला इतकी लाज वाटली की दूध न घेताच घरी आले.

१४ नोव्हेंबर

त्या तिघांनीही पेपर घरी नेले होते. त्यांना बेरीज येत नव्हती, की येत होती?

उद्या कोचना सांगणार. शार्दूलला न विचारता.

१५ नोव्हेंबर, बुधवार

सांगितलं. तिघांची नावं, तारखा, मार्क, सगळं. म्हटलं, टेरेलला एकट्याला शिक्षा का? हवं तर माझी सही रद्द करा, त्या मॅचेस रद्द करा.

कोचनी उठून दार लावलं. "मला माहीत होतं, मिस देवयानी. ऑक्टोबरपासून. बेरीज मलाही येते." मग खिडकीकडे बघत – "चारचौघांत बोलला तो एकटा टेरेल. मग त्याला बसवण्यावाचून मी तरी काय करणार होतो?"

उद्या गुरुवार. टेरेल नेहमी सगळ्यांच्या आधी येऊन बसतो.